सात नरसाळी आणि हिवाळ्यातला पाऊस : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर

संध्याकाळी कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या गुऱ्हाळावर गेलो होतो. आप्पांचं तिसरं आधण, म्हणजे काहिलीभर रसाची खेप, उतरत होतं. गूळ देखणा आला होता, तरी आप्पांचं मन थाऱ्यावर नव्हतं. परवा मोबाइलवर पावसाचा अंदाज वाचून त्यांनी जळणासाठी वाळत घातलेली उसाची सगळी चिपाडं गोळा करून झाकली. चार माणसांचा अर्धा दिवस गेला आणि आभाळातून टिपूसही पडला नाही. गेल्या हंगामात याच्या उलट झालं होतं. अंदाज कोरडा होता आणि चिपाडं रात्रीत भिजली. ओली चिपाडं चुलवाणात धुमसत राहतात, काहिलीला आच लागत नाही, रस आटायला वेळ लागतो आणि गुळाचा रंग उतरतो.

"सर, ह्यो अंदाज धा येळंला किती येळा खरा हुतोय, मोजलंय का कुणी?"

मोजणारे मोजतात, पण अख्ख्या जिल्ह्यासाठी, उपविभागासाठी. पंचगंगेच्या काठच्या चार-सहा गावांपुरता आकडा माझ्याकडे नव्हता. नववीच्या वर्गाला यंदा प्रकल्प हवाच आहे. तेव्हा हाच घेतला : हिवाळाभर रोजचा अंदाज उतरवायचा, रोज पडलेलं मोजायचं आणि दोन्ही शेजारी मांडायचं. उद्यापासून सुरुवात.

१० नोव्हेंबर

साधन : १६ सेंटीमीटर व्यासाचं प्लास्टिकचं नरसाळं, खाली बाटली, बाटली मातीच्या कुंडीत घट्ट बसवलेली. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटीमीटर, म्हणजे बाटलीत २० मिलिलिटर पाणी आलं की पाऊस १ मिलिमीटर. प्रयोगशाळेतल्या मापनळ्या दिल्या. कड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर, आणि जवळच्या झाडा-भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब.

ठिकाणं सात : वडणग्याची शाळा, चिखलीचं गुऱ्हाळ, केर्ली, निगवे, शिये, कसबा बावडा आणि रंकाळ्याजवळचं एक घर. शियेचं नरसाळं दूध संकलन केंद्राच्या दारात आहे, कारण तिथला माणूस पहाटे चारला जागा असतो. केर्लीचं आमच्या नववीतल्या मुलीच्या रानात.

१३ नोव्हेंबर

दिवस कुठून कुठपर्यंत धरायचा यावर तास गेला, पण तो तास वाया गेला नाही. आपल्याकडे पावसाचं मोजमाप सकाळी साडेआठला होतं, आधीच्या २४ तासांचं. मुलं मात्र रात्री बाराला दिवस बदलत होती. मंगळवारचा अंदाज खरा ठरला आणि पाऊस बुधवारी पहाटे तीनला पडला, तर मुलांच्या वहीत दोन चुका लागतील : मंगळवारी इशारा फुकट गेला, बुधवारी पाऊस न सांगता आला. म्हणून ठरलं की अंदाजाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ. सगळ्या वह्यांच्या पहिल्या पानावर हे लाल शाईनं लिहून घेतलं.

अंदाजही एकच धरायचा. दुपारी निघणारा जिल्ह्याचा, उद्यासाठीचा. तीन मोबाइल ॲप बघून त्यातलं सोयीचं निवडायचं नाही.

२३ नोव्हेंबर

परवाचा आणि कालचा, दोन्ही दिवसांचा अंदाज होता "तुरळक ठिकाणी हलका पाऊस". परवा सातही ठिकाणी शून्य. काल केर्लीला ३.५ मिमी, निगव्याला १ मिमी आणि बाकी पाच ठिकाणी कोरडं. वडणग्यातली मुलं सकाळी हिरमुसून आली. "सर, चुकला अंदाज."

चुकलेला नाही. हवामान खात्याच्या भाषेत "तुरळक" हा मोजून वापरलेला शब्द आहे. क्षेत्रातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी पाऊस होईल, असा त्याचा अर्थ. "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५०, "अनेक ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५ आणि "बहुतांश ठिकाणी" म्हणजे त्याच्या वर. तुरळकचा अंदाज अगदी तंतोतंत खरा ठरला, तरी चारातली तीन गावं कोरडी राहणार. त्या तिन्ही गावांत लोक अंदाजाला नावं ठेवणार, आणि आपल्या अंगणापुरतं त्यांचं म्हणणं खोटंही नसणार. एका नरसाळ्यावर असा अंदाज तपासताच येत नाही. सात नरसाळीही जिल्ह्याच्या मानानं थोडीच आहेत. पण एकापेक्षा सात बरी.

२७ नोव्हेंबर

बावड्याची वही पाच दिवस कोरी. मुलगा म्हणाला, पाऊसच नव्हता, मग लिहायचं काय? त्याला जवळ बसवून समजावलं. कोरी जागा म्हणजे "बघितलं नाही" आणि शून्य म्हणजे "बघितलं, काही नव्हतं". कोरडा अंदाज खरा ठरला की नाही, हे त्या शून्यावरच कळतं. अमेरिकेत १९९७ साली फोर्ट कॉलिन्स गावात मोठा पूर आला, आणि पुढच्या वर्षी तिथं घरोघरच्या पर्जन्यमापकांचं स्वयंसेवी जाळं उभं राहिलं. तेही आपल्या लोकांकडून रोजचं शून्य आग्रहानं मागून घेतात. बावड्याचे पाच दिवस मी हिशेबातून काढले. त्या दिवसांपुरती सहा ठिकाणं.

३ डिसेंबर, रात्री

बंगालच्या उपसागराकडून आलेलं ढगाळ वातावरण तीन दिवस टिकून आहे. थंडी पळाली, रात्रीसुद्धा उकडतंय. संध्याकाळी सातपासून चिखलीत भुरभुर सुरू झाली. मी आणि दोन मुलं गुऱ्हाळावरच होतो.

ही भुरभुर आहे की पाऊस, हे डोळ्यांनी सांगू नये, असं मुलांना आधीच बजावलं होतं. थेंबाचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून कमी असेल तर भुरभुर, मोठा असेल तर पाऊस. तो मोजायचा कसा? १९०४ साली व्हर्माँटच्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्यानं मैद्यानं थेंब मोजले. हिमाच्या कणांची छायाचित्रं काढणारा तोच हा बेंटली. तेच आम्ही केलं. परातीत चाळलेल्या मैद्याचा इंचभर थर, वर ताट झाकलेलं. अंगणात गेलो, ताट काढलं, चार सेकंद थांबलो, पुन्हा झाकलं. आत चुलवाणाच्या उबेला परात ठेवली आणि अर्ध्या तासानं मैदा हलक्या हातानं चाळला. चाळणीत राहिले ते राईपेक्षाही बारीक कण. भिंगाखाली पट्टीवर एका मिलिमीटरच्या अंतरात तीन-तीन बसत होते. भुरभुरच.

अकराच्या सुमाराला पत्र्याचा आवाज बदलला. पुन्हा परात. आता चाळणीत वरीच्या तांदळाएवढे गोळे, दोन-चार त्याहून मोठे. अंदाजात म्हटलेला पाऊस तेव्हा सुरू झाला. दोन्ही वेळचे गोळे वेगवेगळ्या काडेपेट्यांत भरून ठेवलेत, वर वेळ लिहून.

आप्पांनी या वेळी चिपाडं झाकली होती.

४ डिसेंबर

सातही ठिकाणी ओलं. कमीत कमी २.२ (रंकाळा), जास्तीत जास्त ६ (केर्ली). शाळेत ३.८, चिखलीत ४.२. हवामान खात्याच्या वर्गवारीत २.५ ते १५.५ मिमी म्हणजे "हलका" पाऊस आणि २.४ पर्यंत "अतिहलका", आणि २.५ पासून पुढे तो "पावसाचा दिवस" म्हणून मोजला जातो. अंदाज खरा.

९ डिसेंबर

काल दुपारी चारला शियेत एक शिरवं येऊन गेलं, १.२ मिमी. बाकी सहा ठिकाणी शून्य, अंदाज कोरडा. अंदाज हुकला, तशीच नोंद केली.

१२ डिसेंबर

आज शाळेच्या बाटलीत ४ मिलिलिटर, म्हणजे ०.२ मिमी. निगव्यालाही ३ मिलिलिटर. काल आभाळ स्वच्छ होतं, अंदाज कोरडा होता. पहाटे एखादी सर येऊन गेली असावी असं धरलं आणि "हुकला" मध्ये आणखी एक रेघ मारली.

१७ डिसेंबर

पुन्हा तसंच. ०.२. पुन्हा "हुकला".

२० डिसेंबर

पुन्हा ०.२, केर्लीला ०.३. आठ दिवसांत तीनदा. केर्लीच्या मुलीला फोन केला, पहाटे पाऊस ऐकू आला का? "न्हाई सर. मी पाचला उठून बघितलो, चांदण्या लख्ख हुत्या." मग तिनं फोन तिच्या आज्जीकडे दिला. आज्जींना सगळी वाडी आक्का म्हणते.

आक्का म्हणाल्या, "पाऊस कुठला वो सर? दहिवर हाय त्ये. मी आंब काढल्या की सकाळी."

दहिवर म्हणजे दव. शाळा सुटल्यावर केर्लीला गेलो. आक्का दर हिवाळ्यात हरभऱ्याची आंब काढतात. रात्री धुतलेलं पांढरं धोतर हरभऱ्यावर पसरायचं आणि पहाटे उन्हाच्या आत पिळून घ्यायचं. पानांवरच्या बारीक लवेतून पाझरणारा आंबट रस दहिवरात उतरतो आणि कापडात येतो. पोटदुखीला त्यांच्या घरात हीच देतात. बाटली दाखवली त्यांनी : फिकट पिवळसर पाणी. बोटावर घेऊन चाखलं तर जीभ आखडली. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी तिथंच वहीत उतरवलं. पाऊस पडला की आंब धुऊन जाते आणि पुढं दोन-तीन दिवस कापड सपक लागतं. ४ तारखेला त्यांनी कापड पिळून फेकून दिलं होतं. आजचं, १७ तारखेचं, १२ तारखेचं कापड आंबट होतं.

तीन दिवस मी अंदाजावर खोटा आळ घेतला होता. चूक माझ्या वहीत होती.

२१ डिसेंबर

आक्कांच्या शब्दावर माझा विश्वास बसला, पण मुलांना पडताळा दाखवायला हवा. शाळेत दोन नरसाळी शेजारी ठेवली. एक उघड्यावर, दुसऱ्याच्या वर मीटरभर उंचीला आडवा पत्रा, चारी बाजू मोकळ्या. रात्र निरभ्र, वारा नाही. सकाळी सहाला मुलांना बोलावून घेतलं. उघड्या नरसाळ्याच्या आतल्या अंगावर बारीक थेंबांची साय धरलेली होती. एकेक थेंब शेजारच्याला मिळायचा, जड व्हायचा आणि घसरत नळीत जायचा. पोरं दहा मिनिटं बोलली नाहीत, नुसती बघत राहिली. पत्र्याखालचं नरसाळं कोरडं ठणठणीत.

निरभ्र रात्री नरसाळं आपली उष्णता आभाळाकडे सोडत हवेपेक्षा थंड होतं आणि हवेतली वाफ त्यावर जमते. वरचा पत्रा ती वाट अडवतो. ढगाळ रात्री ढगही तेच काम करतात, म्हणून तेव्हा दहिवर पडत नाही.

बाटलीतलं ०.२ खरंच होतं, पण ते पाऊस म्हणून धरायचं नव्हतं. वहीत नवा रकाना : "काय पडलं". पर्याय पाच, म्हणजे पाऊस, भुरभुर, गारा, धुक्याचं ठिबकणं, दहिवर. ठरवताना तीन गोष्टी बघायच्या : रात्री आभाळ कसं होतं, पत्र्याखालचं नरसाळं ओलं आहे का, आणि फुफाट्यावर थेंबांचे खळगे उमटलेत का. केर्लीच्या वहीत चौथी गोष्ट : कापड आंबट की सपक.

२८ डिसेंबर

शियेत धुकं. दूध केंद्राच्या दारातून देवळाचा कळस १९० मीटरवर, पाण्याची टाकी ४८० वर आणि टॉवर ९५० वर, असं आधी मोजून ठेवलं होतं. पहाटे साडेसहाला कळससुद्धा दिसेना. दृश्यता २०० मीटरच्या आत आली की ते दाट धुकं. पिंपळाखाली रस्ता गोल भिजलेला, त्याच्या बाहेर कोरडा. दूधवाल्यानं आधी "पाऊस" असं कळवलं होतं, ते गोल ओलं दाखवल्यावर त्यानंच बदललं : धुक्याचं ठिबकणं.

१ जानेवारी

काल रात्री बसून १० नोव्हेंबर ते ३१ डिसेंबरचे ५२ दिवस मांडले. काल साडेआठनंतरचं आज सकाळी वाचून जोडलं.

सातांपैकी कुठंही पाऊस किंवा भुरभुर झाली तर "पडला". अंदाज पावसाचा होता ते दिवस ८. त्यातले खरे ठरले ५, फुकट गेले ३. न सांगता पडला १. अंदाजही कोरडा आणि दिवसही कोरडा, असे ४३. शंभरात काढलं तर अंदाज ९२ टक्के बरोबर.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना विचारलं, एखाद्यानं डोळे मिटून रोज "कोरडं" म्हटलं असतं तर? ५२ पैकी ४६ दिवस बरोबर, ८८ टक्के. आभाळाकडे न बघता! वर्ग गप्प झाला.

हा सापळा जुना आहे. १८८४ साली अमेरिकेत फिन्ली नावाच्या हवामान-अंदाजकारांनी टोर्नेडोच्या २८०३ अंदाजांचा हिशेब मांडला आणि ९६.६ टक्के बरोबर आल्याचं दाखवलं. पण प्रत्यक्ष टोर्नेडो ५१ झाले होते आणि त्यातले २८ त्यांनी सांगितले होते. ७२ इशारे फुकट होते. भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी दाखवून दिलं की रोज "टोर्नेडो नाही" म्हणणारा ९८.२ टक्के बरोबर ठरला असता. त्यांनी सुचवलं की कोरडे-कोरडे दिवस बाजूला ठेवा, आणि खरे ठरलेले अंदाज भागिले खरे, फुकट आणि हुकलेले यांची बेरीज असं मोजा. फिन्लींचं ते १२३ पैकी २८ येतं.

आमचं याच मापानं ९ पैकी ५, म्हणजे ०.५६. दहिवराचे ते तीन दिवस पाऊस धरून ठेवले असते तर १२ पैकी ५, ०.४२. नरसाळ्यात जमलेल्या चार-चार मिलिलिटर पाण्यानं अंदाजाची किंमत एवढी खाली आणली असती.

आणखी एक मांडणी केली, फक्त शाळेच्या नरसाळ्यावर. आठ इशाऱ्यांत शाळेत पाऊस दोनदाच, गुण ०.२५. इथं तर डोळे मिटून "कोरडं" म्हणणारा अंदाजाला मागं टाकतो : त्याचे ५० दिवस बरोबर, अंदाजाचे ४६. आप्पांची तक्रार कुठून येते ते या दोन ओळींत दिसलं. ते चुकीचं बोलत नव्हते, ते एका नरसाळ्याएवढं बघत होते.

९ जानेवारी

शाळेच्या तापमापकाच्या झडपांच्या पेटीत किमान ११.८ अंश. सगळ्या ग्रुपवर "थंडीची लाट". सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी कमी असेल तर ती लाट. गारठा आहे, लाट नाही. मुलांनी पेटीबाहेर गवतावर ठेवलेला तापमापक ९ दाखवत होता, तो त्यांनी आपणहून वेगळ्या रकान्यात लिहिला. बरं वाटलं.

२४ जानेवारी

दोन आठवडे सातही शून्य. दहिवर अकरा रात्री. कोरी जागा एकही नाही.

६ फेब्रुवारी

आप्पांचा फोन. उद्यासाठी "तुरळक ठिकाणी हलका पाऊस" आहे, झाकू का? मी माझ्या मनाचं काही सांगितलं नाही. चिखलीच्याच वहीतला आकडा सांगितला : असा अंदाज डिसेंबरअखेर आठ वेळा होता, त्यात तुमच्या अंगणात तीन वेळा ओलं झालं. आठ म्हणजे फार थोडे दिवस, हेही सांगितलं. झाकायला तीनशे रुपये गेले आणि भिजल्यावर आठशेच्या वर नुकसान होणार असेल, तर झाकणं परवडतं. त्याहून कमी असेल तर नाही.

आप्पा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कालची वली चिपाडं तशीच ऱ्हाऊ देत. वाळल्याली तेवढी झाकतो. दोन माणसांचं काम."

हे मला सुचलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी

काल संध्याकाळी पाचला केर्लीत गारा पडल्या. अंदाज होता "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस", गारांचा उल्लेख नव्हता. केर्लीला ६.५ मिमी, निगव्याला गडगडाट आणि २ मिमी, बाकी कोरडं.

मुलीनं गारा थांबताच दहा-बारा उचलून डबीत घातल्या आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. आज सकाळी व्हर्नियर घेऊन गेलो. सगळ्यात मोठी १४ मिमी, पाच ८ ते १० च्या दरम्यान, बाकी ४ च्या आतल्या. पाच मिलिमीटरपासून पुढे ती गार. त्याखालचे कण वेगळे लिहिले. मोठी गार गरम सुरीनं चिरली : मधोमध पांढरा ठिपका, भोवती काचेसारखं स्वच्छ कडं, बाहेर पुन्हा पांढरं. पाणी झटकन गोठलं की हवेचे बुडबुडे अडकून थर पांढरा होतो, सावकाश गोठलं की पारदर्शक. मुलीनं वहीत तिन्ही थर काढले आणि मापं लिहिली. मग बांधावर नेऊन शाळू दाखवला. कणसं भरली होती. पूर्वेकडचा अर्धा तुकडा आडवा झालाय. तिचे वडील तिथंच उभे होते. मी काय बोलणार? पंचनाम्यासाठी आमच्या नोंदीची प्रत वेळ, आकार आणि ठिकाणासह सही करून दिली.

२८ फेब्रुवारी

परवाच्या गारांच्या दिवसाला गुण कसे द्यायचे? "पाऊस पडणार" हे खरं ठरलं. "काय पडणार" हे नाही. एकाच तक्त्यात दोन्ही कोंबलं तर शाळू झोपवणारा दिवस "बरोबर" म्हणून जातो. म्हणून तक्ते दोन : पडलं का, आणि काय पडलं.

थंड देशांत तर सगळा हिवाळा या दुसऱ्या प्रश्नावर चालतो. तापमान शून्याच्या आसपास असलं की अर्ध्या-एक अंशानं पाऊस, हिम, बर्फाचे दाणे किंवा रस्त्यावर पडताच गोठणारा पाऊस, यातलं काहीही होतं. रडारला ढगातलं दिसतं, जमिनीजवळचं नीट दिसत नाही. म्हणून अमेरिकेत २०१२ पासून एमपिंग नावाचं ॲप आहे. लोक दारातून बघून काय पडतंय तेवढं कळवतात आणि त्यावर रडारचं अनुमान तपासतात. आपल्याकडे गोठणरेषा, म्हणजे तापमान शून्यावर येतं ती उंची, हिवाळ्यातही चार-पाच किलोमीटर उंचीवर असते, वरचं हिम वाटेतच वितळतं, आणि गार तेवढी मोठी आणि वेगवान असल्यामुळे खाली पोचते. कुठल्या वाडीवर पोचली ते मात्र त्या वाडीतल्या माणसानंच सांगावं लागतं.

५ मार्च

आप्पांचं शेवटचं आधण झालं. वह्या गोळा केल्या, केर्लीची सोडून. आक्कांना रकाना पुरा करायचाय.

केर्लीचं ६.५ मिमी कमीच असणार. उथळ नरसाळ्यातून गारा उसळून बाहेर जातात, मुलीनं त्या जाताना बघितल्या होत्या. नोंदीशेजारी तसं लिहिलं. पुढच्या हंगामाआधी सातही नरसाळ्यांना दहा सेंटीमीटर उंच पत्र्याची उभी कड बसवायची. वडणग्याच्या पत्रेवाल्याला माप देऊन आलो, आतला व्यास बरोबर १६.